पत्रिकेतील आठ वर्षांबाबत

मी, महादेव त्रिंबक नेरूरकर, धंदा छापखान्यात नोकरी व वर्तमानपत्रांतून लोकांची टवाळी, राहणार ठाकूरद्वार, मुंबई, वय वर्षे पंचेचाळीस, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. डोके ठिकाणावर आहे, छाती नाही. वयाचा आकडा वाचून कोणी दचकल्यास पुढे वाचावे.

कलम १. भांडीकुंडी, दोन कपाटे व पेढीवरील शिल्लक माझी पत्नी कालिंदी हिला. पुस्तके छापखान्यातील खिळे जुळवणारा जुळारी कुशाबा यास. पंधरा वर्षे माझ्या चुका त्याने दुरुस्त केल्या, शाबासकी मी घेतली.

कलम २. मिशांना कलप लावून बोहल्यावर चढणाऱ्या म्हाताऱ्यांवर मी 'चिमटा' या नावाने एकवीस लेख लिहिले. ते जाळावेत. निम्मा मजकूर मला आरशात मिळाला होता.

कलम ३. पहिली बायको गेल्यावर, नऊ वर्षांमागे, थोरली बहीण गंगुबाई हिने जोशीबुवांकडून माझी नवी पत्रिका करवली. छत्तिसाचा मी अठ्ठाविसाचा झालो. कुरकुरलो, तर म्हणाली, "मेल्या, पुरुषाचं वय नाही विचारीत, पगार विचारतात." मी हसलो. हसलो म्हणजे रुकार दिला. त्याच पत्रिकेवर कालिंदीचे स्थळ जमले. जोशीबुवांस काहीही देऊ नये. त्यांनी आगाऊ घेतले आहे.

कलम ४. चार वर्षांमागे आयुष्याचा विमा उतरवायचे ठरवले. वयाच्या दाखल्यास कंपनी पत्रिका मागते. कोट भागातला पहिला विमादलाल ती पाहून म्हणाला, "रावसाहेब, आणखी पाच कमी करू. हप्ता हलका पडेल." तिथून पळालो. मग नायगावचे दलाल हरेश्वर धुरू घरी आले. त्यांनी पत्रिका पाहिली, मग मला पाहिले.

"तात्या, ह्यातला गृहस्थ तुमच्याहून बराच तरुण दिसतो. खरं सांगा. हप्ता थोडा वाढेल, एवढंच."

दाराशी कालिंदी पानाचे तबक घेऊन उभी होती. मी म्हणालो, "पत्रिका खरी आहे."

कलम ५. गेल्या महिन्यात तोंडातून रक्त पडले, तेव्हा धुरूंकडे जाऊन कबुली दिली. भोईवाड्यातल्या एका विधवेला, नवऱ्याचे वय खोटे निघाले म्हणून, विम्याची दिडकीही मिळाली नाही, असे त्यांनी सांगितले. प्रतिज्ञापत्र केले. कंपनीने ते मान्य केले, पण तीन हजारांचे बावीसशे झाले. कमी पडलेले आठशे माझ्या नवरदेवपणाचा खर्च समजावा. रक्कम घेताना कालिंदीने धुरूंचाच सल्ला घ्यावा, सही स्वतः करावी. गंगुबाईच्या चिरंजीवांनी मध्ये पडू नये.

कलम ६. हा कागद माझ्यामागे उघडावा, असे मी आधी लिहिले होते. धुरूंनी ते खोडायला लावले. "आधी वहिनींना वाचून दाखवा. मागाहून कळलं तर त्या जाब कुणाला विचारणार?"

म्हणून आज दुपारी वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "तुमच्या आधी एक स्थळ आलं होतं. ते गृहस्थही छत्तिसाचेच. त्यांनी खरं सांगितलं. बाबांनी नकार दिला."

सूप बाजूला ठेवून म्हणाली, "हेही घाला त्यात."

घातले.

सही: महादेव त्रिंबक नेरूरकर

साक्षीदार:
गंगुबाई, निशाणी बांगडीची (भावाचे वय पंचेचाळीस हे खरे)
रघु विठोजी राऊत, शेजारी

मुक्काम ठाकूरद्वार, मुंबई. फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८१९, सन १८९८.