मोज्यात लपवलेली सळई

सोमवार, १२ ऑक्टोबर १९९८

सगळ्यात आधी आली मॉड. कायम तीच येते आधी, पोस्टमनच्याही आधी. मागच्या बोळातून सरळ स्वयंपाकघरात. पन्नास वर्षं शेजारी राहते, पण एकदा तरी "येऊ का" म्हणाली असेल तर शपथ!

म्हणाली, "एडना, ते घरोघर फिरायला लागलेत. नव्या संग्रहालयाची माणसं. कुणाच्या घरी आतनं काय काय आलंय ते विचारतात. एक पोरगी आहे, सगळं वहीत उतरवून घेते. आणि तिच्याबरोबर कोण असेल? तांबटखात्यातला हर्बर्ट लव्हडे!"

मी आधी शेगडीवरच्या किटलीकडे बघितलं.

आमच्या स्विंडनमध्ये 'आत' म्हणजे रेल्वेचा कारखाना. जोआनचा नवरा लंडनचा. त्याला पहिल्या भेटीत मी सांगितलं, "जोआनचे आजोबा एक्केचाळीस वर्षं आत होते." पोरगा पांढराफटक पडला! लग्नाला नाही म्हणतो की काय, असं वाटलं जोआनला. तीच माझी नात. ही वहीही तिनंच दिली. "आजी, तू बोलतेस तसं लिही." चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या बाईला हे सांगणं! पण बोलते तसं लिहायचं म्हटल्यावर अशा चार वह्या लागतील.

मुद्दा राहिला. या घरातली किटली आतली. शेगडीतले निखारे सारायची सळई आतली. गालिचा म्हणजे पहिल्या वर्गाच्या सीटचं कापड. कांदे टांगलेत ती जाळी रेल्वेच्या डब्यातली, सामान ठेवायची. या घरात रीतसर आणलेली अशी मी एकटीच!

कारखाना बंद होऊन बारा वर्षं झाली, माझा नवरा क्लेम जाऊन नऊ. आणि आता वसुलीला आलेत. परवा येणार आहेत, बुधवारी.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

दिवस लपवाछपवीत गेला. तांब्याची किटली मळक्या कपड्यांत. शेगडीपुढचा जाळीचा पडदा कोळशाच्या कोठीत. पाव भाजायचा काटा – मुठीवर बोटभर इंजिन आहे, धुराड्यासकट! – तो उशीखाली. गालिचा उलटा घातला. कांद्यांची जाळी भिंतीतच ठोकलेली, तिच्यावर टॉवेल टाकला. कांद्यांना टॉवेल! माझ्यासारखी चोर असली तर पोलिसांना काम उरायचं नाही.

पितळी मेणबत्तीदाण्या पिठाच्या डब्यात घातल्या. डबा रिकामाच असतो आता. पूर्वी दर गुरुवारी याच डब्यातलं पीठ निघायचं आणि मी लार्डी केक करायची. डुकराची चरबी, साखर, मनुका, घडीवर घडी घालायची, आणि भाजून झाला की उलटा ठेवायचा – चरबी खाली मुरली पाहिजे. शुक्रवारी क्लेम तो आख्खा केक फडक्यात बांधून आत न्यायचा. संध्याकाळी रिकामं फडकं परत. "सगळा खाल्लास?" "सगळा." आणि अंगानं पाहावं तर बोळातला दिव्याचा खांब! मला वाटलं, पोटात जंत असतील. दोन वर्षं एरंडेल पाजलं बिचाऱ्याला. निमूट प्यायचा.

आणि पायाचं तर काय सांगू. सळई आणली त्या दिवशी विजारीत घालून आणली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "पाय दुखतोय का रे, क्लेम?" झालं! पुढे रोज लंगडणं आलं. नाहीतर एकाच दिवशी लंगडा कसा? मग सवयच लागली. जुलैत आख्खं गाव आठवडाभर समुद्रावर जायचं – कारखान्याच्याच गाड्यांतून, सगळ्या गल्ल्या एकदम. वेमथच्या वाळूतही शेजारच्या खुर्चीत मॉडच! – तर तिथे पोहण्याच्या चड्डीवरही हा लंगडतोय. मी म्हटलं, "अरे, आता कशाला?" ऐकू आलं नाही. बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेट ठोकायचे त्यानं, कान तिथेच गेले.

घरी मात्र हातांत काही कला नव्हती. एक फळी ठोकली, तिच्यावरून अंडी घरंगळायची. मी म्हणायची, याची सगळी कला आतच संपते, घरी येतात ती नुसती बोटं.

बुधवार, १४ ऑक्टोबर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आज केलं.

अकराला येणार होते, पावणेअकरालाच दार वाजलं. आणि बघते तर शेगडीशेजारी सळई उभी! सगळं लपवलं आणि जी रोज हातात असते तीच विसरले. काय करणार? घातली मोज्यात. घोट्यापासून वर मांडीपर्यंत. गार! आणि गेले दार उघडायला. कशी? क्लेमसारखी!

पोरगी गोड आहे. फिलिपा नाव. "मिसेस टक, तुम्ही बसा ना," म्हणते. मी कशी बसू? गुडघा वाकला तर ना! म्हटलं, "बसायची बंदी आहे मला. डॉक्टरांची."

"बसायची?"

"हो. फार बसले आयुष्यात."

हर्बर्ट लव्हडे खुर्चीत. ब्याऐंशीचा झाला, पण डोळे तसेच, घुबडासारखे. माझ्या पायाकडे बघितलं, टॉवेलकडे बघितलं, परत पायाकडे. मग अगदी त्या पहारेकऱ्याच्या सुरात, "पाय दुखतोय का, एडना?"

मला वाटलं, आता जमीन फाटेल. जमीन फाटली नाही, मोज्याचा पट्टा सुटला. सळई इंचभर घसरली. मी मांडीवर हात दाबून उभी, राणीच्या पहाऱ्यावरच्या शिपायासारखी.

फिलिपा म्हणाली, "आम्हाला एवढंच विचारायचं होतं, तुमच्या यजमानांनी कारखान्यातून घरी काही आणलं होतं का?"

"टाचणीसुद्धा नाही!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. "क्लेम टक म्हणजे देवमाणूस. आतला खिळा बुटाला चिकटून आला तर परत नेऊन टाकायचा."

हर्बर्टला जो खोकला लागला! पाणी द्यावं लागलं. पोरीचं तोंड मात्र उतरलं. वही मिटली तिनं. "अरेरे," म्हणाली. "मला वाटलं होतं, तुमच्याकडे नक्की असेल."

मग ते दोघे गेले मॉडकडे. मी सळई काढली. मांडीवर वळ उठलाय, पिळाच्या नक्षीसकट.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

मॉड आली, ती पायांवर नाही, हवेतून आली.

"एडना, माझी तिपाई काचेच्या कपाटात लागणार! खाली पाटी! 'आर्थर हिस्कॉक यांनी जेवणाच्या सुट्टीत घरासाठी घडवली.' माझ्या आर्थरचं नाव, छापील!"

वसुली नव्हतीच ती! त्यांना त्याच वस्तू हव्यात. चोरून केलेल्या, चोरून आणलेल्या. कामगारांची कला म्हणे, तिच्यासाठी एक आख्खी खोली आहे. आर्थरची तिपाई! तीन पाय तीन लांबीचे आहेत तिचे. आणि माझी किटली – तिची चोच बघावी, हंसाची मान! – ती मळक्या चड्ड्यांखाली.

मॉड म्हणते, "तू काय दाखवलंस?"

म्हटलं, "मी? मी माझा प्रामाणिकपणा दाखवला."

ती गेल्यावर रडले थोडी. खोटं कशाला लिहू, इथे कोण बघतंय. इंजिनांवर नावं राजांची आणि किल्ल्यांची. ज्यांनी त्यांच्या बॉयलरात बसून कान घालवले त्यांची कुठेच नाहीत. आणि ते बॉयलरही भंगारात गेले. क्लेमचं नाव फक्त थडग्यावर आहे, त्यावरही शेवाळ. एकदा काचेखाली लागलं असतं. शाळेची पोरं वाचून गेली असती. आणि ते कुणी घालवलं? मी. डॉक्टरांनी बसायची बंदी केलेली बाई!

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

किटली अजून मळक्या कपड्यांत. मीही तिथेच जाऊन बसावं म्हणते.

शनिवार, १७ ऑक्टोबर

धीर करून संग्रहालयात फोन केला. आधी आरशासमोर म्हणून बघितलं. कुणी उचलला नाही. एक यंत्र म्हणालं, टुंई झालं की बोला. मला यंत्राशी बोलायची सवय नाही, पण क्लेमशी बोलायची होती, तेवढ्यावर निभावलं. म्हटलं:

"मी एडना टक. मी चोर आहे. म्हणजे नवरा चोर होता. म्हणजे चोर नव्हता, सगळेच आणायचे. किटली आहे, सळई आहे, सळई त्या दिवशी माझ्या मोज्यात होती. हर्बर्टला विचारा, त्याला कळलं होतं. क्लेमचं नाव घाला हो. मॉडच्या तिपाईपेक्षा पुष्कळ बरं आहे सगळं. पण हे मॉडला सांगू नका. आणि डॉक्टरांचं खोटं होतं. कळावे, एडना टक."

फोनवर 'कळावे' म्हणाले! मग टुंई झालं परत. कुठवर गेलं कुणास ठाऊक.

सोमवार, १९ ऑक्टोबर

सगळं गेलं! टुंईपर्यंत सगळं! फिलिपाचा फोन आला. सगळ्या कचेरीनं ऐकलं म्हणे, दोनदा. बुधवारी येतात.

मी दिवसभर पितळ घासतेय. मेणबत्तीदाण्यांच्या नक्षीतलं पीठ काडीनं काढलं. गालिचा सुलटा केला. कांद्यांचा टॉवेल काढला. क्लेमच्या फोटोला म्हटलं, "आता तुझं नाव लागतंय बघ, लंगड्या!"

बुधवार, २१ ऑक्टोबर

लग्नातले आहेर मांडतात तसं सगळं टेबलावर मांडलं होतं. फिलिपा नुसती "ओहो, ओहो" करत होती. पाटी कशी हवी ते मी सांगूनही टाकलं – 'क्लेम टक, बॉयलरवाला, यांनी आपल्या पत्नीसाठी घडवलं.' पत्नीचं नाव नसलं तरी चालेल म्हटलं. आत्ता हसू येतंय मला. येत नाहीये खरं तर.

हर्बर्टनं किटली उचलली. तिची चोच अंगठ्यानं चाचपली, हळू, वासराचं नाक चाचपावं तशी. म्हणाला, "एडना, ही माझी आहे."

"तुझी कशी? पस्तीस वर्षं माझ्या शेगडीवर आहे!"

"तुझीच आहे गं. केलीये मी. हा ठोका माझा आहे." मग सळई उचलली. "हा पीळ लोहारखात्यातल्या सिड पॉकेटचा, एवढा सरळ पीळ दुसऱ्या कुणाला जमत नव्हता." मेणबत्तीदाण्या पितळखात्यातल्या दोघा भावांच्या. काट्यावरचं इंजिन नमुने करणाऱ्या एका वेल्शमनचं. एकेक वस्तू उचलत गेला आणि नाव घेत गेला. हजेरी घेतात तशी.

मी म्हटलं, "आणि क्लेमचं कुठलं?"

हर्बर्टनं काटा खाली ठेवला.

"क्लेमनं यातलं एकही केलेलं नाही, एडना. त्याचे हात रिव्हेटचे. हे बारीक काम... पण ऐक, त्याचं असं –"

मी नाही ऐकलं. म्हटलं, "चहा गार झाला. मला पडायचंय जरा." फिलिपाला कोट दिला, हर्बर्टला टोपी दिली, दोघांना दार दिलं.

पस्तीस वर्षं! "तू केलीस?" विचारलं की नुसता हसायचा. मला वाटायचं, लाजतोय. ऐकूच आलं नसेल. आणि फळीवरून अंडी घरंगळायची तेव्हा तरी या म्हातारीला कळायला नको?

गुरुवार, २२ ऑक्टोबर

मॉड आली. "कसं झालं?" म्हणाली. म्हटलं, उत्तम. क्लेमचा फोटो भिंतीकडे तोंड करून बसलाय. बसू दे.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

हर्बर्टचा फोन. "परवा बोलू दिलं नाहीस. आता मध्ये तोंड घालू नकोस. दर शुक्रवारी क्लेम तुझा केक घेऊन यायचा. फडकं सोडायचा आणि म्हणायचा, 'एडनाला किटली हवीय.' आम्ही कापून वाटून घ्यायचो. त्याच्या वाट्याला फडक्यातला चुरा. तुला काय वाटलं, आम्ही क्लेमच्या तोंडाकडे बघून ठोकत होतो?"

चुरा! आणि मी त्याला एरंडेल पाजलं!

फोटो सुलटा केलाय. पाटी ठरली, फिलिपानं फोनवर वाचून दाखवली: 'एडना टक यांच्या केकसाठी अकरा जणांनी घडवलं. क्लेम टक यांनी लंगडत घरी आणलं.'

चरबी आणायला हवी. फिलिपा आणि हर्बर्ट येत्या गुरुवारी अकरा वाजता येतो म्हणालेत, आणि रिकाम्या पोटी.