टेपवरचा प्रश्न

बाबा, मागच्या मंगळवारी दुपारी मी तुमचा आवाज ऐकला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुमचा एकही फोटो हसरा नाही आणि आवाज तर कुणी कुठं ठेवलाच नव्हता, असं आम्ही सगळे समजत होतो. मी सोनाळ्याला, सासरी, पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसले होते. कुणाचा तरी ब्लाउज होता, बाहीला शेवटची शिलाई घालत होते. कानात तुम्ही बोललात आणि माझा पाय मशीनच्या पायडलवरून निघाला नाही. बाही संपली, कापड संपलं, तरी सुई रिकामी खालीवर होत राहिली. किती वेळ ते माहीत नाही. आतून सासूबाई म्हणाल्या, "काय शिवून राह्यली वं, इतकं लांब?"

कसं घडलं ते नीट सांगते, कारण मोबाइल म्हणजे काय हेही तुम्हाला पुरतं माहीत नव्हतं. आता फोनवर जगभरातली व्याख्यानं ऐकायला मिळतात. तुम्ही गेलात तेव्हा पाळण्यात होती ती तुमची नात आता अकोल्याला शिकते. दीड वर्षापूर्वी घरी आली तेव्हा माझी चिडचिड बघून म्हणाली, "आई, शिवताना कानाला काहीतरी लावत जा." आणि तिनं एका सरांची व्याख्यानं लावून दिली. सर आता हयात नाहीत. त्यांच्या बुलडाण्यातल्या रविवारच्या व्याख्यानांच्या जुन्या कॅसेटी होत्या, त्यांच्या सुनेनं त्या फोनवर चढवल्या. बुद्धाचा विचार, उपनिषदं, चीनमधले जुने तत्त्वज्ञ, असं सगळं ते सर शाळेत गणित शिकवावं तसं सोपं करून सांगतात. मागं पंख्याची घरघर येते, मधेच कुणी दार लोटतं. पहिले दोन महिने मला निम्मंही कळलं नाही. पण आवाज शांत होता म्हणून लावत राहिले.

मग एका दुपारी लाइट गेली. मशीनची मोटार थांबली, पंखा थांबला, व्याख्यान मात्र चालू. सर सांगत होते की राग आला की रागाकडे बघा, तो कुणाला आलाय ते शोधा, आणि शोधून सापडतं का पाहा. त्याच वेळी सासूबाई आतून मला काही लागेलसं बोलल्या. रोजच्यासारखा राग छातीतून वर आला आणि मला तो दिसला. येताना दिसला, थांबलेला दिसला, जाताना दिसला. ज्या बाईला तो आला होता ती मात्र कुठंच सापडेना. मी घाबरले, बाबा. हाताकडे बघितलं, तर तो नुसता हात होता, कापडावर ठेवलेला. उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. पण त्या दिवसानंतर घर हलकं झालं. सासूबाई बदलल्या नाहीत, मीच त्यांच्याशी भांडायला उरले नाही. एका गिऱ्हाइकाचं कापड चुकीचं कापलं गेलं तर सरळ सांगितलं, चूक माझी आहे. पूर्वी मी कापडालाच नावं ठेवली असती. मला वाटायला लागलं की आपल्याला काहीतरी उमगलंय. तुमच्यावरचा रागसुद्धा गेला असं मी धरून चालले होते.

म्हणून मंगळवारचा धक्का मोठा. व्याख्यान संपल्यावर लोक प्रश्न विचारतात, ते मी सहसा ऐकत नाही. त्या दिवशी हात गुंतलेले होते म्हणून चालू राहिलं. आधी एक खोकला. मग तुम्ही.

"सर, मले एक इचारायचं होतं. तुमी म्हंता का ‘मी’ असं काई नसते. म्या माह्या पोरीवर हात उचलला. चार लोकायसमोर. तिले शिकायचं होतं, म्या तिचा फारम फाडला. तं मंग तो हात कोनाचा होता?"

मग सर म्हणतात, "हात तुमचाच. मी सांगतो ते हात झटकण्यासाठी नाही. घरी जा, मुलीला हेच सांगा."

"नाई सांगता येत, सर. तिच्यासमोर गेलो का तोंडच उघडत नाई."

"मग उघडेपर्यंत जात राहा."

एवढंच आहे. पुढं दुसरं कुणीतरी दुसरंच विचारतं.

माझं सगळं उमगलेलं त्या एका मिनिटात गेलं. मी पुन्हा अठरा वर्षांची झाले. धाड गावातल्या आपल्या दुकानात तुम्ही विहिरीच्या पंपाची जळालेली मोटार उघडून बसला आहात, तांब्याच्या तारेचे वेढे मनात मोजत आहात, व्हार्निशचा वास आहे, दोन शेतकरी बाकावर बसलेत, आणि मी नर्सिंगचा फॉर्म पुढं धरून सही मागते आहे. तुम्ही म्हणता, "परगावी रातपाळ्या करशील, तुले बायको कोन करून घेईल?" मी म्हणते, "नकोच करून घ्यायला." मग फॉर्मचे चार तुकडे, मग माझ्या गालावर तुमचा हात. ते शेतकरी जमिनीकडे बघत राहिले. तुमचे वेढे चुकले होते, तुम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलात. वर्षभरात माझं लग्न झालं. त्यानंतर तुम्ही विचारल्याशिवाय मी तुमच्याशी बोलले नाही.

काल मी धाडला गेले. आईला आता कमी ऐकू येतं. फोन तिच्या कानाशी धरला, तीन वेळा ऐकवलं. पहिल्यांदा तिनं फोनकडेच बघितलं, जणू तुम्ही त्यात बसला आहात. तिसऱ्यांदा म्हणाली, "खोकला तं तुह्या बापाचाच हाये."

मी विचारलं, "रविवारी दुपारी ते कुठं जायचे, तुला माहीत होतं?"

"बुलडाण्याले. पत्ते खेळाले जाते, असं मले वाटे. म्या लई भांडली त्याच्यासंगं त्याच्यावरून." मग तिनं पदराची किनार चिमटीत धरली. "एक डाव तरी सांगाले पाह्यजे होतं ना. काऊन नाई सांगतलं त्यानं?" मला काय माहीत, मलाही त्यांनी काही सांगितलं नाही, असं मी म्हणाले. ती रडली नाही. तुमच्याशी केलेली ती सगळी भांडणं आता कुठं ठेवायची, हे तिला कळत नसावं.

परतीच्या गाडीत मी तारखा जुळवत होते. त्या व्याख्यानावर महिना आणि वर्ष लिहिलंय. त्याच वर्षी दिवाळीनंतर तुम्ही सोनाळ्याला आला होता. न कळवता, दोन-तीन गाड्या बदलून, पिशवीत सीताफळं घेऊन. त्यातली निम्मी वाटेत फुटली होती. जावई शेतात, सासरे बाजारात. तुम्ही बाजेवर बसून पाणी प्यालात आणि मग उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. मी भाकरी थापत होते. तुम्ही म्हणालात, "हात भाजला का तुहा?" मी म्हणाले, "जुनं आहे." तुम्ही उभेच. तव्यावरची भाकरी मी उलटली, दुसरी थापायला घेतली. तुम्ही चौकटीला हात लावून होता, आणि दोनदा घसा खाकरलात. मग म्हणालात, "येतो," आणि चारच्या गाडीनं गेलात. पुन्हा यायचं तुम्ही ठरवलंही असेल. पण पुढच्या पावसाळ्यात दुकानातच तुमच्या छातीत कळ आली.

हे मी मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे, ते तिथंच राहील. आईला काल सांगितलं की त्यांनी मला काही सांगितलंच नाही, मला कसं कळणार. नातीलाही फोनवर तेच सांगितलं. खरं ते नाही, बाबा. तुम्ही दारात उभे होता तेव्हा तुम्ही काय सांगायला आला आहात ते मला समजलं होतं. तुमच्या हातानंच समजलं होतं, तो चौकट सोडत नव्हता. मी मान वर केली असती तर तुम्ही बोलला असता. मला ऐकायचं नव्हतं, म्हणून लागत नसताना मी आणखी दोन भाकरी थापल्या.