चांदीची पूड आणि दादाचे यकृत

मी खाली सही करणारी, विद्यापीठातून निवृत्त झालेली संगणकतज्ज्ञ, अविवाहित, गुडघ्यांनी जायबंदी पण डोक्याने शाबूत, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी घर मांजरांच्या दवाखान्याला दिले होते; तेव्हा दादाशी अबोला होता.

१. राहते घर, गॅलरी व आतील सामानासह, माझा थोरला भाऊ आणि वहिनी यांना द्यावे. दादा हयात आहे म्हणून हे कलम लिहिता येते, तेव्हा थोडे सविस्तर लिहिते. तो रंगाच्या कारखान्यात मिसळणी खात्यात होता. जंतू मारणाऱ्या रंगात चांदीची पूड घालत. तिच्या कणापुढे साधा धुळीचा कण म्हणजे डोंगर. एका वर्षी दादाचे डोळे पिवळे झाले. जो तो डॉक्टर आधी दारूचे विचारी. दादाने आयुष्यात थेंब घेतलेला नाही. शेवटी वहिनी म्हणाली, "डॉक्टर, यांचं तोंड हुंगू नका, शर्ट झटकून बघा."

२. तो शर्ट मी पाहिला. तोवर मी पुलांवरच्या भाराची गणिते संगणकावर सोडवत असे. यकृत कुठल्या बाजूला असते हेही धड ठाऊक नव्हते. वाचत गेले आणि संगणकावर यकृताचे मॉडेल रचले. यकृतातली एन्झाइम्स औषधांची मोडतोड करून ती शरीराबाहेर घालवतात. औषधाने एन्झाइमच्या ज्या खाचेत शिरायचे, तिच्या तोंडाशीच चांदीचा कण ठाण मांडतो, असे मॉडेल सांगू लागले. म्हणजे दादा अंगदुखीवर घेई ती साधी गोळी रक्तात साचून विष होणार. आमचे विभागप्रमुख भर बैठकीत म्हणाले, "बाई, कॉम्प्युटरला कावीळ होत नाही." सगळे हसले. पेशींच्या प्रयोगशाळेतली माझी मैत्रीण तेवढी हसली नाही. तिने यकृताच्या पेशींवर चांदी घालून पाहिली आणि पहिल्या खेपेला मी तोंडघशी पडले: रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा अंगरखा चढतो, हे मी धरलेच नव्हते. मॉडेल सुधारले, मग जुळले. दादाची गोळी बंद केली, त्याने कारखान्यात खाते बदलून घेतले, आणि त्याच्या डोळ्यांत हळूहळू पांढरे दिसू लागले.

कारखान्याने मिसळणीची यंत्रे बंदिस्त केली, पण मॉडेल कोणाला दिसू नये, कुलपात राहावे म्हणून ते विकत मागितले. दादा म्हणाला विकून टाक, मी नाही म्हटले, आणि आमचे बिनसले. पुढे दुसऱ्या गावच्या कारखान्यातला एक कामगार याच मॉडेलमुळे वेळेवर सावध झाला. ज्याच्या आजारावरून मॉडेल रचले त्या दादाला शोधत त्याची बायको आली, माझे आभार त्याच्यापाशीच मानून गेली. त्या संध्याकाळी दादा माझ्या दारात उभा. म्हणाला, "नाही विकलंस ते बरं केलंस. चहा टाक." सबब हे मॉडेल सर्वांना खुले राहील, ते विकण्याचा अधिकार मी कोणालाही देत नाही.

३. बँकेतील शिल्लक मैत्रिणीच्या प्रयोगशाळेला, पेशी वाढवण्याच्या खर्चासाठी. विभागप्रमुखांनी शोकसभेस जरूर यावे, त्यांना पंख्याखालची खुर्ची द्यावी, भाषण मात्र करू देऊ नये.

४. देह वैद्यकीय महाविद्यालयाला. इतकी वर्षे मी लोकांच्या यकृतात डोकावले, आता माझ्यात डोकावावे.

५. संगणक दादाच्या मुलीला, माझ्या भाचीला. ती तांब्याच्या कणांवर काम करते. मागच्या वर्षी ती आकड्यांचे कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "आत्या, तुझं मॉडेल तांब्याला लागू पडत नाहीये."

"पेशी काय म्हणतात?"

"वेगळंच काहीतरी."

"मग पेशींचं ऐक. मॉडेल मोड."

तिने मोडले आणि नव्याने बांधले. ते माझ्यापेक्षा सरस चालते, हे मी पूर्ण शुद्धीत, आणि किंचित हेव्याने, नमूद करते.

साक्षीदार म्हणून सही करायचा दादाचा हट्ट होता. ज्याला घर मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे वकीलबाईंनी सांगताच तो रुसून दूध आणायला गेला आहे. तो परतायच्या आत सह्या उरकल्या.

स्थळ: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलाशी
दिनांक: ४ मार्च

(सही) लिहून ठेवणारी
साक्षीदार: (सही) शेजारच्या दंतवैद्य बाई
(सही) कोपऱ्यावरचे चष्मेवाले