अंगठेबहाद्दर

५ जानेवारी, सकाळी ७.१०
नव्या वर्षाच्या संकल्पाला चार दिवस उशीर झाला. होऊ दे. पहिल्या तारखेला संकल्प करणारे सगळे तिसऱ्या तारखेला गळतात. मी तिसरी तारीख टाळली.
संकल्प : मोबाईल निम्म्यावर आणणे. गेम मात्र डिलीट करणार नाही. डिलीट करणं हा पळपुटेपणा झाला. डोळ्यांसमोर असून न खेळणं, याला संयम म्हणतात.
गेम तसा काही नाही. खाली चेंडू, वर बास्केट. अंगठ्याने चेंडू वर सरकवायचा. गेला तर एक पॉइंट, हुकला की पुन्हा शून्य. पोरंटोरंही खेळतात, पण त्यांना त्यातलं शास्त्र कळत नाही.

५ जानेवारी, ७.५५
संयम तपासून पाहिला. ३४.

८ जानेवारी
४१!
बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवतोय. भिंगाचा कोन जरा चुकला तर गिऱ्हाइकाला सरळ जिना तिरका दिसतो. असा हात आणि असा डोळा असलेल्या माणसाला बास्केटबॉल येणारच. शाळेत मला एकदाही टीममध्ये घेतलं नाही. शाळेचं नुकसान.

१० जानेवारी
शिडीने शाळेतून कागद आणला. (लेकीचं शिडी हे नाव मीच ठेवलं. तेराव्या वर्षी आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघते.) १ फेब्रुवारीला पालक दिन, त्यात जोड्यांची स्पर्धा. शाळेच्या बास्केटबॉल टीममधली एक मुलगी आणि तिच्या घरचं एक मोठं माणूस. दोघांनी रेषेवर उभं राहून बास्केटमध्ये दहा-दहा फ्री थ्रो मारायचे. दोघांचे मिळून ज्यांचे जास्त पडतील ती जोडी पहिली.
गेल्या वर्षी ती मामाबरोबर उतरली आणि एका पॉइंटने दुसरी आली. दोन दिवस धड जेवली नव्हती. यंदा पहिलं यायचंच म्हणून वर्षभर रोज सकाळी सहाला मैदानावर जाते. थंडी असो, ताप असो.
आणि कागदावर तिने पेन्सिलने पुन्हा मामाचंच नाव लिहिलेलं! बाप धडधाकट असताना मामा? मेव्हणा कॉलेजकडून खेळलाय, कबूल. उंची सहा फूट एक, हेही कबूल. पण त्याला एक ते चाळीस न चुकता टाकायला सांगा.
खोडरबर घेतलं. नाव पुसलं. स्वतःचं लिहिलं, पेनने.
बायकोने विचारलं की हातात चेंडू शेवटचा कधी धरला होता. म्हटलं, आज सकाळी. तिने कपाळाला हात लावला.

१३ जानेवारी
शिडी म्हणाली की उद्यापासून माझ्याबरोबर मैदानावर चल. सांगितलं, माझी प्रॅक्टिस चालूच आहे, ५८ पर्यंत आलोय. ती म्हणाली, खऱ्या चेंडूने. तिला समजावलं की चेंडू खरा की खोटा हा मुद्दा किरकोळ, कोन महत्त्वाचा. खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.

१७ जानेवारी
साडेपाचचा गजर लावला. उठलो! लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. बूट घालायला खुर्चीत बसलो. लेस बांधण्याआधी अंगठा मोकळा करावा म्हणून एकच डाव टाकला. वर पाहिलं तर शिडी मैदानावरून परत येऊन दूध पीत होती.
६६. बूट एकच घातला होता.

२० जानेवारी
दुकानात गडबड. एका निवृत्त मास्तरीणबाईंचा चष्मा परत आला. एकशेवीसच्या कोनाऐवजी दोनचा... नाही, वीसचा बसवला होता. बाईंना घराचा उंबरा उतरता दिसायला लागला म्हणे. मालक जे बोलले ते या वहीत शोभणार नाही. चूक माझी नाही. कागदावरचा एकचा आकडा फिका होता. म्हणजे, कागद मोबाईलखाली होता.
भिंग बदलून देईपर्यंत बाई समोर बसल्या होत्या. मध्येच मी एक डाव खेळलो, म्हटलं ताण उतरेल. तर बाई म्हणाल्या की वा, तुम्ही तर अंगठेबहाद्दर!
जुना अर्थ मला ठाऊक आहे. सही येत नाही, अंगठा उठवतो तो. पण माझी सही त्यांनी पावतीवर नुकतीच पाहिली होती. तेव्हा हा नवा अर्थ. शिकलेली माणसं भाषेला असा नवा अर्थ देतात.
घरी सांगितलं. शिडी पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. बरं वाटलं.

२३ जानेवारी
मेव्हण्याचा फोन. म्हणे, दाजी, मी उतरत नाही, तुम्हीच उतरा, पण दोन दिवस तरी मैदानावर या, मी शिकवतो. गुडघे वाकवायचे आणि मनगट सोडायचं, एवढंच आहे म्हणे.
गुडघे! आजवर तीन-चार हजार चेंडू टाकले असतील, गुडघ्याची कधी गरज पडली नाही. सोफ्यावर तर ते वाकलेलेच असतात. त्याला स्वच्छ अंगठा दाखवला. फोनवर दिसला नसेल, पण आवाजावरून कळला असेल.

२७ जानेवारी, सकाळी ९.२०
१०३!! शतक! इतक्या जोरात ओरडलो की बायको तोंडाला साबण असतानाच बाहेर आली. काय झालं ते कळल्यावर जे बोलली ते मालकांच्या बोलण्याशी जुळतं.
शिडीला स्क्रीन दाखवला. छान आहे म्हणाली. मग पायाच्या अंगठ्याने फरशी घासत म्हणाली की एकोणतीस तारखेपर्यंत नाव बदलता येतं. म्हटलं, नाव बदलायला मी काय चोर आहे? ती बरं म्हणाली. हे आखूड बरं तिने आईकडून उचललंय.

२९ जानेवारी
आज मैदानावर गेलोच. कोण म्हणतं मी आळशी? अकरा वाजता गेलो, तर शाळा भरलेली. वॉचमन आत सोडेना. कुंपणातून पाहणी केली. बास्केट वाटलं होतं त्यापेक्षा बरंच उंच दिसलं. माझ्या चष्म्याचा नंबर बदललेला दिसतोय. उद्या डोळे तपासून घ्यावेत.
नाव बदललं नाही. शिडीनेही परत विचारलं नाही.

३१ जानेवारी
पूर्ण विश्रांती. अंगठा शिणवायचा नाही. ११२.

१ फेब्रुवारी, सकाळी ९.४०, शाळेच्या बाकावर
वही बरोबर आणली, अशा दिवसाची नोंद ताजी हवी. शिडीने दहापैकी नऊ टाकले! नऊ! सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या, मग अंगठ्याला जपायचं म्हणून थांबलो. आतापर्यंतची सगळ्यात चांगली जोडी दहावर आहे. म्हणजे मला दोन हवेत. दहात दोन! ११२ वाल्याला! हसू येतंय. शिडी मात्र नखं खातेय.
माझं नाव पुकारलं.

१ फेब्रुवारी, दुपारी
शून्य.
चेंडू फार जड होता. आणि मोठा. त्या कड्यातून तो जातच नाही, कोणीतरी मोजून बघा.
पहिला सवयीने अंगठ्यानेच ढकलला. तो आडवा गेला आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीखाली शिरला. मग मी चेंडू आपोआप माझ्यासमोर यायची वाट बघत उभा राहिलो. लोक हसले. चौथा जाळीला लागला, पण खालून. पाचव्यानंतर शिडीने कडेवरून सांगितलं, बाबा, दोन्ही हातांनी, गुडघे वाकव. मी म्हटलं, मला माहीत आहे. तेव्हा अजून पाच शिल्लक होते.
जोडी दुसरी आली. एका पॉइंटने. घरी येईपर्यंत शिडी माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. जेवली मात्र. बायकोने सांगितलं म्हणून.

२ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
कारणं लिहायला बसलो होतो. सात तयार होती : चेंडू, कडं, ऊन, चष्मा, बूट, वारा, मेव्हण्याचं बघणं.
आतल्या खोलीत शिडी मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. सांगत होती की बाबांचा अंगठा आदल्या दिवशी दुकानात चेपला होता, भयंकर दुखत होता, तरी माझ्यासाठी उतरले. आणि त्यांना कोणी हसलं तर माझ्याशी गाठ आहे.
मग बाहेर आली. मला फोन ऐकू आला हे तिला कळलं असावं. कपाटातून पट्टीचं बंडल काढलं आणि माझा हात ओढून अंगठ्याला गुंडाळायला लागली. म्हणाली की आज शाळेत सोडायला येशील तेव्हा राहू दे, लोक विचारतील. घट्ट होतंय का, असंही विचारलं.
लाज वाटली. इतकी कधी वाटली नव्हती. नाही होत म्हणालो.
अंगठ्याला काहीही झालेलं नाही.