लेकीला स्पीकर घ्यावा, दिराला विचारू नये

मी खाली सही करणारी बाई. नाव, वय, पत्ता शिक्क्याच्या कागदावर वर टाकलेलं आहे, ते परत लिहीत बसत नाही. वाद्यांच्या गवसण्या शिवणं हा माझा धंदा. शाळा चौथीपर्यंत. डोकं ठिकाणावर आहे. बिघाड पोटात आहे आणि तो नीट होणारा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं आहे. हे कोणी माझा हात धरून लिहून घेतलेलं नाही. वकीलसाहेबांनी मध्ये मध्ये 'सदरहू' पेरले होते, ते मी खोडले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि आता दुसरं करायला वेळ नाही.

१. राहती खोली आणि तिच्याखालची शिलाईची खोली, दोन्ही माझ्या कमाईच्या, दोन्ही माझ्या मुलीला. मुलगी एकच आहे, घोळ व्हायचं कारण नाही. माझा धाकटा दीर म्हणेल, यात दादाचा वाटा होता. त्याचा दादा म्हणजे माझा नवरा. गिटार वाजवायचा आणि मिळेल ते तारांत, वायरींत नि मित्रांत घालवायचा. माणूस वाईट नव्हता. पण घरातली वीट न् वीट माझी आहे.

२. शिलाईचं मोठं मशीन, कात्र्या आणि कॅनव्हासचे तागे माझ्या हाताखालच्या बाईला. मशीनला तेल घालायचा कंटाळा करते, तो तिने सोडावा.

३. नवऱ्याचा जुना गिटारचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करायचा खोका, माझ्या दिराला. हा अँप उचलायला दोन माणसं लागतात. नवरा गेला त्या दिवशी कार्यक्रमाच्या हॉलची लिफ्ट बंद होती. ऑर्केस्ट्रा दिराचा, म्हणून तो वरून ओरडत होता, "दादा, आटप की, पाहुणे बसलेत!" नवऱ्याने तो अँप एकट्याने वर चढवला आणि छाती धरून खाली बसला. त्याला पडद्यामागे खुर्चीत टेकवला आणि दिराने कार्यक्रम सुरू केला. मला फोन आला तो टाळ्या वाजून झाल्यावर. मी जाब विचारला तर दीर म्हणाला, "वहिनी, अर्ध्यात थांबवलं असतं तर पुढची कामं गेली असती."

तर अँप त्याचा. मात्र त्याने तो आमच्या जिन्यावरून एकट्याने खाली न्यावा. हमाल आणला तर अँप भंगारात द्यावा.

४. आता मुख्य. मुलीला एक स्पीकर घ्यायचा आहे.

कशाला, ते लिहिते, म्हणजे कोणी फाटे फोडणार नाही. मुलगी बापासारखी गिटार वाजवते, पण अँप वापरत नाही. तिच्याकडे पायाशी ठेवायचं एक यंत्र आहे, डिजिटल मॉडेलर. नाना तऱ्हेच्या अँपचे आवाज त्यातच तयार होतात. पण ते यंत्र स्वतः मुकं असतं. घरी ती कानाला हेडफोन लावते आणि मला नुसती तारांची टिकटिक ऐकू येते. ती दिराच्याच ऑर्केस्ट्रात वाजवते, तिथे त्या यंत्राची वायर दिराच्या आवाजाच्या मशीनला जाते आणि तिचा आवाज किती ठेवायचा ते दीर ठरवतो. तो तिला दाबून ठेवतो. मी मागच्या रांगेत बसून पाहिलं आहे, पोरीची बोटं पळत होती आणि ऐकू काही येत नव्हतं.

"काका, मला माझंच ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"तुला ऐकून काय करायचंय? लोकांना आलं म्हणजे झालं."

"लोकांना तरी कुठे येतंय?"

"मग चांगलं वाजव, येईल."

सगळे फिदीफिदी हसले. वर तिला मानधन अर्धं, का तर आवाज कमी.

मग त्याला उमाळा आला आणि बापाची आठवण म्हणून वर लिहिलेला अँप त्याने आमच्या घरी आणून टाकला. मुलीने हौसेने मॉडेलर त्याला जोडला. आवाज असा आला की जणू कोणी उशीत तोंड खुपसून बोलतंय. दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "बापाचा हात नाही आला हिच्यात." तेव्हापासून बरेच दिवस तिने गिटारला हात लावला नाही.

शेवटी आमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने उलगडून सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मॉडेलरमध्ये अँपचा आवाज आधीच तयार होतो. तो परत अँपमधून काढला म्हणजे गवसणीवर गवसणी. हिला साधा फुल रेंज स्पीकर द्या, बारीक-जाड सगळे सूर सारखे काढणारा, आतच पॉवर असलेला. तो स्वतःचं काही घालत नाही. यंत्रातून जाईल ते बाहेर येईल." एवढं मला कळलं. पोरीच्या हातात खोट नव्हती.

तो घेताना हे पाळावं. मुलीने आपली गिटार आणि आपलाच मॉडेलर घेऊन दुकानात जावं. दुकानदार मोबाईलवरचं गाणं लावून दाखवेल, त्याला थांबवावं, गाणं सगळ्यांतच बरं लागतं. हळू आवाजात तर सगळेच स्पीकर शहाणे असतात. कार्यक्रमात लागतो तेवढा आवाज मोठा करून ऐकावा, दुकानदाराला राग आला तरी. बारीक तार कानाला टोचते का, जाड तार नुसती घुमते का, ते बघावं. बाजूला सरकूनही ऐकावा, कारण स्टेजवर हिला मधोमध उभं कोण करणार आहे? जमिनीवर तिरका ठेवून तोंड तिच्याकडे करता आलं पाहिजे. वॉटच्या आकड्याला आणि पुढच्या दिव्यांना भुलू नये. आणि तो एका हाताने उचलून तिने जिना चढून बघावा. दुकानाला जिना नसेल तर शेजारच्या इमारतीचा. धाप लागली तर तो नको, कितीही गोड वाजत असला तरी. दीर दुकानात येता कामा नये. आलाच तर त्या दिवशी खरेदी करू नये.

५. स्पीकरचे पैसे मी आजच दुरुस्तीवाल्याच्या हातात दिले आहेत. हे पैसे माझ्या पुढच्या औषधाचे होते. ते औषध मी घेणार नाही, डॉक्टरीणबाईंना तसं सांगून आले आहे. मुलीला सांगितलेलं नाही. एकदा नुसता विषय काढला होता, तर म्हणाली, "आई, तुझ्या औषधाच्या पैशांचा स्पीकर? लोक थुंकतील माझ्यावर."

"लोकांना थुंकायला निमित्त लागत नाही."

"मला नकोय तो."

"तुला विचारलं कोणी?"

ती ताट तसंच ठेवून उठून गेली. म्हणून स्पीकर आज घेत नाही. आज घेतला तर ती परत करेल आणि औषध घेऊन दारात उभी राहील. मी गेल्यावर घ्यावा, तेव्हा औषधाची सबब उरणार नाही.

पोरी, तुला म्हणून लिहिते. त्या औषधाने मी बरी होणार नव्हते. खाटेवर आणखी थोडे दिवस मिळाले असते, मी कण्हत आणि तू उशाशी. ते दिवस माझे होते. ते कशावर घालवायचे ते मी ठरवलं. त्यात तू स्वतःला दोष लावून घेऊ नकोस. मला असली रडारड खपत नाही, माहीत आहे ना.

६. बाकी बँकेत उरेल ते मुलीला. दुरुस्तीवाल्याला काही ठेवलेलं नाही. तो या कागदाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकीलसाहेब म्हणतात. त्याने रुसू नये.

७. बायकांची एक वाद्यमंडळी आहे, गावोगाव फिरते. त्यांची ड्रमवाली माझ्याकडे गवसण्या शिवायला आली होती, तेव्हा हेडफोन मागून घेऊन तिने मुलीचं वाजवणं ऐकलं. जाताना मला म्हणाली, "ताई, पोरगी द्या आम्हाला. फक्त स्पीकर स्वतःचा आणू दे, आमच्याकडे जादाचा नाही." मंडळी आता दौऱ्यावर निघायची आहे आणि कोणासाठी थांबणार नाही. दिराच्या हाताखालून निघायला मुलीला दुसरी वाट मला दिसत नाही.

म्हणून दुरुस्तीवाल्याने, दुकान उघडं असेल तर मी गेले त्याच दिवशी, तिला घेऊन दुकानात जावं. दीर दारात उभा राहून म्हणेल, आई अजून घरात आहे आणि ही बाजा आणायला निघाली. शेजारीपाजारीही म्हणतील. त्या सगळ्यांना हा कागद दाखवावा, असं मी सांगितलं आहे म्हणून. मला उचलायला माणसं मिळतील. तिने स्पीकर उचलावा.

हे सगळं मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही : गवसणीवाली

साक्षीदार :
१. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला. मृत्युपत्र अमलात आणण्याचं कामही याच्याकडेच.
२. वरच्या मजल्यावरची नर्स. सही करताना रडली, त्यामुळे शाई जरा फुटली आहे. सही तिचीच आहे.

स्थळ : शिलाईची खोली
दिनांक : शिक्क्यावर आहे तोच