उजवीकडून चार बोटं उंच असलेल्या गाडीबाबत

मी, सर्जेराव हिंदुराव फडतरे, वय वर्षे एकाहत्तर, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त, सध्याचा व्यवसाय शेती व मोटारदुरुस्ती (फक्त स्वतःच्या मोटारीची), राहणार सांगवी, तालुका बारामती, जिल्हा पुणे, आज रविवारी सकाळी चहा झाल्यावर ओसरीत बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, चष्मा गेल्याच महिन्यात बदलला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी सौ. कुशाबाई दारात उभी आहे, पण त्याला दडपण म्हणता येणार नाही. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षे झाली आणि ती दारात उभी नसताना मी एकाही कागदावर सही केलेली नाही.

हे लिहिण्यास कारण असे की, माझी लाल रंगाची, दोन दारांची आणि दोनच माणसांची जुनी स्पोर्ट्स कार मी उद्या सकाळी सांगवीहून भवानीनगरमार्गे इंदापूरपर्यंत चालवत नेणार आहे. गाडी सत्तावीस वर्षांची आहे. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, मी ही आणली. आपल्या रस्त्यांवर तिचे मूळचे शॉकअप टिकणारे नव्हते, म्हणून चारही चाकांचे शॉकअप, स्प्रिंगा आणि सांध्यांमधले रबरी बुश काढून नवे, जास्त दमाचे, उंची कमी-जास्त करता येणारे सामान घरच्याच शेडमध्ये बसवले. काम पूर्ण झाले. मात्र गाडी उजवीकडून चार बोटं उंच उभी राहते. ते पाहून पत्नी म्हणाली, "जायचंच आसंल तर जावा. पर आदी कुणाला काय ते लिहून ठिवा." सबब लिहून ठेवतो ते येणेप्रमाणे.

१. राहते घर व त्यामागील मोकळी जागा पत्नी कुशाबाई हिच्या नावे. तिच्या पश्चात चिरंजीव दिग्विजय यास. दिग्विजय पुण्यात नोकरी करतो. दिवाळीला आला तेव्हा शेडमध्ये उभा राहून "इथं एक छान गेस्टरूम होईल" असे म्हणाला. मी त्याच वेळी काही बोललो नाही, कारण माझ्या तोंडात लाडू होता. आता लिहून ठेवतो की शेडला हात लावू नये.

२. तीन एकर ऊस पत्नी व मुलगा यांना सारखा. पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी माझे जे भांडण आहे तेही दोघांना सारखे द्यावे असे आधी वाटत होते. पण ते भांडण गेली दोन वर्षे मी एकटाच सांभाळतो आहे, शेजारी केव्हाच विसरला. ते माझ्याबरोबर संपले असे समजावे.

३. चुलतभाऊ युवराज याने वाकड्या उभ्या गाडीचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली "नव्या नवरीनं मान तिरकी केली" असे लिहिले. त्यास मी पाणीलेवलची नळी देत आहे. नळीमागची हकिकत अशी की, गाडी वाकडी नसून शेडची जमीन वाकडी आहे, असे माझे जाहीर म्हणणे होते. नळीत पाणी भरून तपासले तर जमीन सपाट निघाली. मी नळी खराब ठरवून दुसरी आणली. तिनेही तेच सांगितले. तरीसुद्धा मी गवंडी लावून सबंध कोबा उखडला आणि नवा केला. नव्या कोब्यावर गाडी पुन्हा चार बोटं उंच. गवंडी शहाणा माणूस, मजुरी घेऊन निघून गेला. युवराजने दोन्हीपैकी कोणतीही नळी घ्यावी.

४. हत्यारांपैकी पान्यांचा मोठा संच दिग्विजयला. तो वापरणार नाही हे मला माहीत आहे, पण निदान धूळ पुसताना बापाची आठवण काढील. त्यातला एकोणीस नंबरचा पाना आपला नाही. तो इंदापूरच्या फारुक दस्तगीर मुलाणी यांचा असून त्यांना परत करावा.

५. आता गाडी. हे कलम माझ्या मृत्यूनंतरच वाचले जाईल, या भरवशावर मी मोकळेपणाने लिहितो.

फारुकभाईंचे इंदापुरात ट्रकच्या पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगपट्ट्यांचे, दुकान आहे. कारखान्याच्या ट्रॉल्यांचे पाटे आम्ही त्यांच्याकडेच पाठवायचो, तेव्हापासूनची आमची तीस वर्षांची बैठक. गाडी आणल्यावर ते दर रविवारी सांगवीला येत. कामाची वाटणी झाली होती. डावी बाजू त्यांची, उजवी माझी. कुशाबाई म्हणाली, भावाभावांनी बांध घालावा तशी ही गाडी वाटून घेतलीय.

त्यांनी डावीकडचे बुशाचे बोल्ट नुसते हाताने बसवले आणि सैल ठेवले. गाडी खाली चाकांवर घेऊ, माणूस आत बसवू, भार पडला की मग शेडमधल्या खड्ड्यात उतरून आवळू, असे त्यांचे म्हणणे. मी चौतीस वर्षे कारखान्यात काढली. तिथला पहिला नियम असा की भाराखालच्या बोल्टला हात लावायचा नाही. आधी आवळा, मग भार द्या. या नियमामुळे माझी दहाही बोटं आज जागेवर आहेत. म्हणून मी उजवीकडचे सगळे बोल्ट गाडी लोखंडी घोड्यांवर अधांतरी असतानाच, सगळा जोर लावून, आवळून टाकले.

फारुकभाई म्हणाले, "सर्जेराव, हवेत बोल्ट आवळला तर रबर तितंच धरतं. खाली आल्यावर पीळ खातं, मग गाडी बसत न्हाय." ते म्हणाले ते युवराजसमोर. मला ते लागले. मी म्हणालो, "ट्रकचे पाटे ठोकणाऱ्यानं स्पोर्ट्स कारमधलं सांगू नये."

त्यांनी आपली डावी बाजू पूर्ण केली, साबणाने हात धुतले, कुशाबाईला "येतो वहिनी" म्हणाले आणि गेले. त्याला आठ महिने झाले. गाडी डावीकडून ठरल्या उंचीवर बसली आहे. त्यावरून चूक कोणाची हे शाळकरी पोरालाही कळेल. मला ती पहिल्याच दिवशी कळली होती.

तरी मी या मृत्युपत्रात कबूल करतो की, बुशाबाबत फारुकभाई बरोबर होते आणि पाट्यांबाबत मी जे बोललो ते हलकटपणाचे होते. रविवारी शेडमध्ये माझे मन लागत नाही. ते बोल्ट सोडवून पुन्हा आवळता येतील, पण एक माणूस आत बसायला आणि एक खाली लागतो, आणि दुसऱ्या कोणाला बोलवायचे माझ्या मनात येत नाही. माझ्या मृत्यूनंतर ही गाडी फारुक दस्तगीर मुलाणी यांना द्यावी. जिवंतपणी हे त्यांना कोणी सांगू नये.

(येथे लिखाण सुमारे चार तास थांबले होते. त्याचे कारण पुढील कलमात.)

६. वरील कलम लिहून मी पाणी प्यायला उठलो. तेवढ्यात पत्नीने कागद वाचला आणि फारुकभाईंना फोन लावून पाचवे कलम पहिल्या शब्दापासून वाचून दाखवले. मी म्हणालो की मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचे असते. ती म्हणाली, "मला तवर दम न्हाय. आन उद्या त्या वाकड्या गाडीत तुमी बसणार, मी न्हाय."

तासाभराने फारुकभाई मोटारसायकलवरून आले. हत्यारांची पेटी मागे बांधलेली होती. मी पायरीवर उभा होतो. काय बोलावे हे आठ महिने ठरवत होतो, त्यातले एकही वाक्य वेळेला आठवले नाही. मी म्हणालो, "फारुकभाई, ते पाट्याचं बोललो ते चुकलं माझं."

ते म्हणाले, "आदी बुशाचं चुकलंय ते सोडवू. तुमी आत बसा."

मी आत बसलो. ते खड्ड्यात उतरले. एकेक बोल्ट सैल होत गेला. मग ते वर आले, बॉनेटवर आणि डिकीवर दोनदा दाबले, आणि गाडी उजवीकडून माझ्यासकट चार बोटं खाली बसली. ते पुन्हा खाली उतरले आणि भाराखालीच सगळे आवळले. मी जागचा हललो नाही, कारण त्यांनी हलू नका असे सांगितले होते, आणि कारण माझे डोळे भरून आले होते. बाहेर आल्यावर त्यांना ते दिसले असणार. त्यांनी चहा मागितला.

७. साक्षीदारांबाबत. माझी पुतणी प्राची बारामतीत वकिली करते. तिने फोनवर बजावले की, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका, पुढे घोळ होतो. आमच्याकडे दोनच साक्षीदार हजर होते, फारुकभाई आणि निवृत्त मास्तर आबासाहेब. म्हणून मी तिसऱ्या माणसाला हाक मारायला निघालो. फारुकभाईंनी मला थांबवले आणि म्हणाले, "गाडी खोडा. मी सही करतो."

मी म्हणालो, गाडी तुमच्या नावे करायची माझी इच्छा आहे.

ते म्हणाले, "तुमी मेल्यावर मला ती गाडी काय करायची हाय?"

सबब कलम पाचमधील त्यांचे नाव मी माझ्या हाताने खोडले आहे, व खाडाखोडीशेजारी सही केली आहे. तूर्त गाडी कोणालाही दिलेली नाही. उद्या सकाळी सात वाजता मी आणि फारुकभाई इंदापूरला निघत आहोत.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिले, वाचले, वाचून दाखवले गेले (माझ्या परवानगीशिवाय), व मान्य केले.

ठिकाण: सांगवी, ता. बारामती
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: सर्जेराव हिंदुराव फडतरे

साक्षीदार
१) आबासाहेब गणपत जगताप, निवृत्त शिक्षक, सांगवी. लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली.
२) फारुक दस्तगीर मुलाणी, इंदापूर. माझ्यासमोर सही केली. लिहून देणाऱ्याने स्वतःची चूक लेखी कबूल केल्याने ते शुद्धीवर आहेत का, अशी शंका आली होती. तीन तास जवळ बसून खात्री केली. शुद्धीवर आहेत.