एक नंबरची कॉइल

६ ऑक्टोबर
शिरोळला आले एकदाची. पुण्यापासून एसटीत अंग खिळखिळं झालं, पण खोली बघून बरं वाटलं. खाली वीरेशअण्णांचं वर्कशॉप, वर मी, खिडकीतून नुसता ऊस. अण्णांनी आधी चहा पाजला. मशीन कुठं पळून जात न्हाय, बसा की पावणं, म्हणाले. पुण्यात वर्षानुवर्षं बिघडलेले बोर्ड तपासून डोळ्यांचं पाणी झालंय. इथं काम थोडं, माणसं कमी. मला तेवढंच पाहिजे.

७ ऑक्टोबर
अण्णा मेटल डिटेक्टर भाड्यानं देतात. पुराच्या गाळात गेलेले दागिने, पंपाचे भाग लोक त्यानं शोधतात. काठीच्या टोकाला ताटाएवढी गोल कॉइल. ती जमिनीत लहरी सोडते, खालच्या धातूचं उत्तर येतं, ते ती वायरशिवाय हेडफोनला कळवते. चांदी असली की बारीक शीळ. नवी कॉइल उगाचच शीळ घालते, अशी तक्रार आहे; तीच मला दुरुस्त करायचीय.

९ ऑक्टोबर
कॉइल लाकडी टेबलावर ठेवली. आसपास खिळासुद्धा नाही. लहरी दाखवणाऱ्या स्कोपवर रेघ सरळ, म्हणजे कॉइल गप्प. हेडफोनमध्ये मात्र शीळ. दिवसभर सोल्डरचे टाके तपासले. पाठ मोडली. जेवले नाही.

१० ऑक्टोबर
कॉइलची बॅटरी काढली. शीळ चालूच. मग मशीनच्या पडद्यावर पाहिलं : हेडफोन हिचं ऐकतच नाहीये. एक नंबरच्या कॉइलचं ऐकतोय. ही दोन नंबरची.
अण्णांनी पडदा पाहिला आणि हातातला पाना खाली ठेवला. मग सांगितलं. गुंडू त्यांचा जुना कामगार. श्रावणात पूर ओसरताना नदीकाठच्या मळ्यात कुणाचे तरी तोडे शोधत होता. काठ ढासळला. गुंडू एक नंबरच्या कॉइलसकट गेला, तो सापडलाच नाही.
तिची बॅटरी केव्हाच संपली असणार. शिवाय हे वायरलेस अंगणापलीकडं पोचत नाही, आणि नदी केवढी लांब. दुसरं काहीतरी मध्ये येत असेल, म्हटलं.

१२ ऑक्टोबर
गुंडूची बायको तानाबाई आली. तिला कुणीतरी सांगितलेलं. हेडफोन कानाला लावून डोळे मिटून बसली. म्हणाली, "ह्यो त्यांचाच हात हाय. असंच सावकाश फिरवत्यात."
मीही ऐकलं. शीळ येते, जाते, येते. काठी डावीउजवीकडं फिरवावी तशी.
"बंद करू नगासा बाई. घावू दे त्यास्नी वाट."
नाही म्हणायला हवं होतं. पण तेवढं त्राण नव्हतं.

१४ ऑक्टोबर
पडद्यावर एक नंबरचा सिग्नल काल एक काडी होता. आज तीन. अंगणात ओल्या चिखलाचे अर्धगोल फराटे, एकापुढं एक, दाराकडं. पाऊस नाही. अण्णा चार दिवस कोल्हापूरला गेलेत, सामान आणायला. मी दारातली फरशी पुसली. परत पुसली.

१५ ऑक्टोबर
दुपारी तानाबाई उंबऱ्यात येताच शीळ किंचाळली. ती मागं सरली तशी शीळ उतरली. तिनं आपल्या पायांतल्या जोडव्यांकडं पाहिलं, आणि हसली. "मलाच हुडकाय लागल्यात की!"
मी तिला थांब म्हणाले. ती नदीच्या वाटेनं निघाली. शीळ तिच्या मागं मागं गेली. मग शांत.
झोपले. किती दिवसांनी.

१६ ऑक्टोबर
तानाबाई घरी नाही. पोलिस आले, गेले. वर्कशॉपच्या पायरीवर तिची जोडवी होती. गाळानं भरलेली. मी हात लावला नाही.

१७ ऑक्टोबर, दुपार
हेडफोन वाजतोय. त्याचीही बॅटरी काढून ठेवलीय, तरी. शीळ नाही — जाड, घुमता सूर. अण्णांना फोनवरून ऐकवला. सोन्याचा हाय त्यो, म्हणाले, आणि मग — बाहेर या बाई, आत्ता या.
दारात चिखल आहे. ओलांडवत नाही.
सोनं इथं कुठलं. माझ्या कानातली फुलं, तेवढीच. त्यांची फिरकी निघत नाही, बोटं घसरतायत — हेडफोन तिकडं टेबलावर आहे, मग सूर इथं कसा — आधी डाव्या कानापाशी, आता उज